पंधरा फुटी काठीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र आज माझ्या राहत्या घरी, कापड बेतायच्या टेबलावर बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते नाही असं म्हणणारे एकच गृहस्थ आहेत आणि त्यांचा उल्लेख पुढे येईल. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. उलट माझी मुलगी "आई, आत्ताच कशाला हे अभद्र?" म्हणत दोनदा माझं पेन उचलून घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. मीही जन्मभर गिऱ्हाइकांना "उद्या नक्की देते" असंच सांगत आले, त्यामुळे असल्या बोलण्यावर किती विसंबायचं ते मला ठाऊक आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलंच आहे. माझा स्वभाव पाहता शेवटचं असेल असं मात्र सांगता येत नाही.

कलम १. राहतं घर माझ्या पश्चात मुलगी आणि मुलगा यांना सारखं मिळावं. मागच्या अंगणातलं गवत काढून तिथे फरशी घालायचा मुलाचा बेत मला माहीत आहे. तो मनातून काढून टाकावा. त्या गवतावर मी गळाची दोरी टाकायला शिकले.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही दोघांना सारखं. भांडू नये. भांडायचंच झालं तर माझ्यासारखं, काहीतरी भांडण्यालायक घेऊन भांडावं.

कलम ३. शिलाई मशीन, इस्त्री, बॉबिनचे डबे आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं (ती वस्तू नाहीत असं वकीलबाई म्हणतात, पण त्यांनी ती पाहिलेली नाहीत) माझ्या हाताखाली तयार झालेल्या टाचणीला द्यावीत. टाचणी म्हणजे तीच, जिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागतं. मोठी कात्रीही तिलाच. ही कात्री माझ्या जावयाच्या हाती कोणत्याही परिस्थितीत लागू नये. त्याने या कात्रीने दुधाची पिशवी कापली होती. तो गुणी मुलगा आहे, बायकोला जपतो, पण दुधाची पिशवी मी विसरलेले नाही.

कलम ४. समोरच्या केमिस्टच्या दुकानाच्या पाटीला, 'औषधे' या शब्दाच्या वरच्या बाजूला, एका चुकलेल्या फेकीतली माझी माशी अडकलेली आहे. माशी म्हणजे गळावर पिसं आणि रंगीत दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, जी पाहून मासा फसतो. केमिस्ट तिला शुभशकुन समजतात, म्हणून ती त्यांनाच द्यायचं मी इथे लिहिलं होतं. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला मृत्युपत्रातून सुतळीचा तोडादेखील मिळू शकत नाही. तेव्हा ते वाक्य खोडलं आहे. केमिस्टांनी शिडी लावून माझी माशी परत करावी.

कलम ५. खालच्या गल्लीतल्या कापडवाल्याला मी माफ केलेलं नाही. कारण त्याला माहीत आहे.

कलम ६. आता मुख्य गोष्ट, म्हणजे मासे धरायची पंधरा फुटी काठी.

ही काठी दोन्ही हातांनी धरायची असते. माझे पती घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून एवढ्याएवढ्या चाकांशी झटापट करणारा माणूस रविवारी नदीवर एवढी लांब काठी घेऊन का जातो, हे मला लग्नानंतर कित्येक वर्षं कळलं नव्हतं. मग एकदा त्यांनी मला मागच्या गवतावर उभं केलं, दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधला आणि माझ्या उजव्या काखेत घडी घातलेला टॉवेल खोचला. "टॉवेल पडला की पुन्हा पहिल्यापासून," म्हणाले. कोपर उचललं की टॉवेल पडतो आणि कोपर उचललं की दोरीही फसते. सगळ्यांना वाटतं वरच्या हाताने जोर लावायचा. तसं नाही. खालचा हात काठीचा बुंधा पोटाकडे ओढतो, सगळी ताकद तिथली. वरचा हात नुसती वाट दाखवतो. आमच्या संसारातही असंच होतं, कोण कुठला हात ते मी इथे लिहीत नाही.

लांब दोरीची गंमत अशी की ती आखडून जवळ घेता येत नाही. पाण्यावर पसरलेली सगळीच्या सगळी दोरी सावकाश उचलायची, बाजूने वळवून आणायची, तिचं टोक आपल्या शेजारी पाण्याला टेकवायचं आणि पाठीमागे तिचं मोठं पोट, म्हणजे झोळ, भरेपर्यंत थांबायचं. मगच पुढे फेकायची. त्या थांबण्यात सगळं आहे. घाई केली की दोरी आपल्याच पायाशी गोळा होते.

माझ्यासोबत आणखी एक शिष्य होते. सुतार. हात सोन्याचे, पण थांबणं स्वभावात नाही. एकदा उजवीकडून वारा असताना सुतारांनी उजव्याच खांद्यावरून दोरी फेकली. तशा वाऱ्यात डावीकडून टाकायची असते, हे यजमानांनी शंभरदा सांगितलेलं. गळ थेट त्यांच्या कानात. मीच तो शिंपिणीच्या हलक्या हाताने काढला. ओरडणं नदीच्या पुलापर्यंत गेलं म्हणतात. पुढे त्यांनी लांब दोरी सोडून आखूड, जाड दोरी घेतली. ती हाताने जवळ ओढायची आणि झटक्यात सोडायची. थांबायला नको.

यजमान गेल्यानंतरही आम्ही दोघं नदीवर जात राहिलो. एका सकाळी माझी लांब दोरी अशी सुटली की सरावासाठी बांधलेला लोकरीचा गोंडा नदीच्या मध्यापलीकडे जाऊन बसला. मी वळून पाहिलं. सुतार म्हणाले, "वारा पाठीशी होता."

मी म्हटलं, "मग पलीकडे जाऊन उभे राहा. वारा तोंडावर येतोय का ते बघा."

त्यांनी पिशवी उचलली, पुलावरून पलीकडे गेले आणि तिथेच राहिले. म्हणजे घर नाही हलवलं, घर तिकडेच होतं. पण त्यानंतर ते कधीही अलीकडच्या काठावर आले नाहीत. मी या काठावर, ते त्या काठावर, मध्ये नदी. माझी मुलगी मला चहाचा थर्मास आणायची, त्यांचा मुलगा त्यांना. दोन्ही थर्मास पुलावर एकमेकांना भेटले आणि सुतार माझे व्याही झाले. लग्नाच्या जेवणातसुद्धा व्याहीबुवांनी मीठ माझ्या मुलीमार्फत मागितलं.

आमचं बोलणं बंद आहे, शिकवणं नाही. माझं कोपर उचललं गेलं की पलीकडून ते रुमाल काढून स्वतःच्या काखेत खोचून दाखवतात. त्यांनी घाई केली की मी हात वर करून थांबायची खूण करते. ते थांबत नाहीत. माझी फेक चांगली पडली तर टोपी काढून डोकं पुसतात, जणू उकडतंय, ऐन थंडीतसुद्धा. ज्या सकाळी ते दिसत नाहीत त्या सकाळी माझं टाकण्यात लक्ष लागत नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

माझी एकच इच्छा होती. लाल गोंडा त्यांच्या पायाशी नेऊन ठेवायचा. त्यांनी वाकून उचलावा आणि मान्य करावं. मागच्या आठवड्यात, डॉक्टरांनी नदीवर जायला मनाई करायच्या आदल्या दिवशी, वाऱ्याचा पत्ता नव्हता. दोरी उचलली, वळवली, थांबले. छाती धडधडत होती तरी थांबले. गोंडा त्यांच्या दगडापासून हातभर अलीकडे पाण्यात पडला. हातभर! एक पाऊल पुढे टाकून हात लांब केला असता तर मिळाला असता. व्याहीबुवा उलट दोन पावलं मागे सरकले. मला इतका राग आला की मी काठी न पुसताच घरी आणली.

तरीही ती काठी, दोरीसह, मी माझ्या व्याहीबुवांना देत आहे. मुलाला ती कपडे वाळत घालायला लागेल आणि जावयाचं कात्रीवरून दिसलंच आहे. व्याहीबुवांनी तिच्यावर आखूड दोरी लावू नये. मी नसताना पलीकडे एकट्याने उभं राहू नये, त्यांना सर्दी लवकर होते.

कलम ६ बाबत खुलासा. हा सह्यांच्या वेळी लिहीत आहे.

दुसऱ्या साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका येणार होत्या. त्यांच्या शाळेत अचानक तपासणी लागली. माझ्या मुलीने मला न विचारता, परस्पर, सासऱ्यांना फोन केला. अर्ध्या तासात व्याहीबुवा दारात. टोपी हातात. पूल ओलांडून आलेले. साक्षीदाराने मृत्युपत्र वाचलंच पाहिजे असं नाही, असं वकीलबाई म्हणाल्या, पण यांनी चष्मा लावला आणि अथपासून वाचायला बसले. दुधाच्या पिशवीला हसले. दुधाच्या पिशवीला हसले. काठीपाशी आले आणि बराच वेळ पान उलटेना.

मग थेट माझ्याशी बोलले. "विहीणबाई, काठी मला?"

"वाचता येतं ना?"

ते वकीलबाईंकडे वळले. "साक्षीदाराला काही मिळत नाही, हे पक्कं?"

"पक्कं."

"मग द्या ते पेन."

केमिस्ट म्हणाले, "अहो, काय करताय? हातची काठी जाईल!"

"जाऊ दे. यांची काठी माझ्याकडे आल्यावर समोर उभं कोण राहणार? मी पलीकडे उभा राहून काय झाडं बघू?"

मी विचारलं, "त्या दिवशी मागे का सरलात? हातभर तर होतं."

"मी गोंडा उचलला असता तर पोचला म्हणाला असतात तुम्ही. मग दुसऱ्या दिवशी कशाला आला असतात नदीवर?" एवढं बोलून ते थांबले. ते थांबलेले मी प्रथमच पाहिले. "बऱ्या होऊन या. वारा नसेल त्या दिवशी टाका. मी पाऊलभरसुद्धा हलणार नाही, आहे तिथेच उभा राहीन."

मी रडले. लिहून ठेवते, कारण सगळ्यांनी पाहिलं आहे.

कलम ६, दुरुस्तीसह. काठी कुणालाही देत नाही. मला लागणार आहे. वकीलबाई म्हणतात, असं मृत्युपत्रात लिहिता येत नाही. व्याहीबुवा म्हणतात, लिहा. लिहिलं आहे.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला आणि बहुतेक पटला. दोन्ही साक्षीदारांच्या देखत, त्यांनी माझ्या देखत, सही केली.

सही: (शिवणकाम करणारी, काठीची मालकीण)

साक्षीदार पहिला: केमिस्ट, समोरचे. माशी उद्या आणून देतो म्हणाले.

साक्षीदार दुसरा: सुतार, माझे व्याही. राहणार नदीच्या पलीकडे. सही करतेवेळी अलीकडे.

स्थळ: कापड बेतायचं टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार, सकाळी, वारा नाही.