पप्पांच्या नावाचा फुगा

प्रिय स्वराली,

भिगवणला एका हॉटेलाच्या वर खोली घेऊन राहतोय. खालून दिवसभर चिलापी मासे तळल्याचा वास येतो आणि मी जेवणाचं ताट तसंच परत पाठवतो. जामीन देताना कोर्टाने दोन अटी घातल्या, गावात पाय ठेवायचा नाही आणि साक्षीदारांशी संबंध ठेवायचा नाही. साक्षीदार म्हणजे तू. तरी हे पत्र तुझ्या सोनमआत्याबरोबर पाठवतोय. कळलं तर परत आत टाकतील. टाकू देत. तुझ्या पप्पाने आजवर कुणाचं ऐकलंय म्हणून आता ऐकेल?

स्वरूपा मॅडमचा हात कसा आहे? बारामतीला ऑपरेशन करून मनगटात स्टीलची पट्टी बसवली असं कळलं. मी तो हात पिरगळला तेव्हा उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला होता. तू टेबलाखाली होतीस, तुलाही ऐकू गेला असेल. मला रोज ऐकू येतो.

मॅडमनी तुम्हा आठवीच्या पोरांना संगणकावर प्रोग्राम करायला दिला, आपल्या घरातला कोण हवेत किती कार्बन सोडतो त्याचा. तू मला दाखवलं होतंस. रंगीत ठोकळे एकात एक अडकवायचे, घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक फुगा, आणि डिझेल, वीज, गॅस असा एकेक आकडा घातला की त्या माणसाचा फुगा फुगत जातो. मला त्यातलं काय कळणार! मला वाटलं स्पर्धा आहे, ज्याचा फुगा मोठा तो पहिला. आपल्याकडं मोठं तेच चांगलं ना, ट्रॅक्टर मोठा, फ्लेक्स मोठा, लग्नाचा मांडव मोठा. तू वही घेऊन बसलीस आणि मी फुशारकीने ट्रॅक्टरचं डिझेल सांगितलं, पाण्याच्या तिन्ही मोटारींचं वीजबिल काढून दिलं, बुलेटचं पेट्रोल दोन लिटर वाढवूनच सांगितलं. वर म्हणालो, “काय बी सोडू नगंस, समदं टाक. पैला नंबर आपलाच आला पायजे.” तू माझ्याकडं बघितलंस आणि वहीत काहीतरी लिहिलंस. काय लिहिलंस ते मी बघितलं नाही. बघायला हवं होतं असं आधी वाटायचं. आता वाटत नाही.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत आपल्या उसाला तोड मिळत नव्हती. तोडणीची टोळी आज येते, उद्या येते असं करत महिना गेला. उसाला तुरे आले, वजन घटायला लागलं, आणि माझ्या मागून लावलेल्यांचे ऊस पुढं चालले होते. जळालेला ऊस कारखान्याला आधी न्यावा लागतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पैशात थोडी कपात होते, पण रान मोकळं होतं. भर दुपारी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी लायटर लावला. तू डबा घेऊन आली होतीस आणि पेरूच्या झाडाखाली उभी राहून बघत होतीस, हे मला वर्षभर माहीत नव्हतं. वर्षभर माझ्या ताटाला ताट लावून जेवलीस आणि अवाक्षर काढलं नाहीस.

वारा फिरला. आग बांध ओलांडून सोपानकाकाच्या गोठ्यावर गेली. म्हैस बांधलेली होती. सोपान दावं सोडायला आत घुसला, पण म्हैस झटके देत होती आणि झटक्यागणिक गाठ आवळत होती. वरून पेटतं छप्पर पडत होतं. म्हैस सुटली नाही. शेवटी शेवटी ती माणसासारखी ओरडायला लागली होती. मी सोपानला बाहेर ओढला तेव्हा त्याच्या हाताची कातडी माझ्या मुठीत आली. चुलतभावाला वाचवला म्हणून गावाने माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

विजेच्या तारांची ठिणगी पडली, असं पहिल्यांदा ओरडलो तो मीच. वायरमन बादशाह मोटारसायकलवरून आला, तार बघितली आणि मला म्हणाला, “दादा, लाईन सकाळपास्नं बंद हाय, ठिणगी कुठनं पडंल?” खरं होतं ते. म्हणूनच मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचे पुढचे दोन दात पडले. मग वीस जण त्याच्यावर तुटून पडले. तो खाली पडूनही तेच सांगत होता आणि मी बुटाने त्याच्या तोंडावरच मारत होतो, कारण खरं त्याच तोंडातून बाहेर येत होतं. पुढं त्याने लोणी देवकर गावाला बदली मागून घेतली. त्याची लहान मुलगी, रुक्सार, तुझ्याच वर्गात होती ना? तिचंही नाव शाळेतून काढून नेलं.

शाळेत प्रदर्शन होतं त्या दिवशी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो होतो. सोपान शेजारीच, वाकडे हात मांडीवर ठेवून. तुझी पाळी आली. आबा आजोबांचा फुगा लिंबाएवढा, आईचा त्याहून थोडा मोठा. मग माझा. डिझेल आलं, मोटारी आल्या, बुलेट आली, आणि मी मिशीवरून हात फिरवत होतो. शेवटी ओळ आली, उभा ऊस जाळला, दोन एकर. फुगा पडदाभर झाला आणि फुटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी आपलं सहज विचारलं, अपघाताची आग कुणाच्याच नावावर धरायची नाही असं ठरलं होतं, मग ही पप्पांच्या नावावर कशी? तू म्हणालीस, “अपघात न्हाय मॅडम. पप्पांनी लावली.” पाढा म्हणावा तसं सरळ सांगितलंस.

सोपानने माझ्याकडं मान वळवली. मी उठलो. स्वराली, मी खुर्ची उचलली ती तुझ्या डोक्यात घालायला. हेच खरं आहे. मॅडम मधे आल्या म्हणून ती तुझ्यापर्यंत पोचली नाही. खुर्ची धरणारा त्यांचा हात पिरगळून मोडला तरी माझा राग निवेना, मग मी संगणक फोडले, पडदा फाडला, एका पोराला लाथ लागली. सोपानने मागून येऊन मला धरलं. त्याची बोटं मिटत नाहीत, म्हणून त्याने मला कोपरांत आवळलं. नुसता माझ्या मानेवर त्याचा श्वास लागत होता. तुझ्या मॅडमनी तुम्हाला धूर मोजायला शिकवलं, आणि माझ्यासारख्या चाळिशीच्या माणसाला तू मांडलेला हिशेब सोसला नाही.

काल आत्या मुक्कामी आली आणि तिने घरचं सांगितलं. वकील रोज घरी येतात, आबा तुला समोर बसवून घोकून घेतात, की आकडा चुकून पडला, मी लहान हाय, मला काय आठवत न्हाय. परवा म्हणता म्हणता तुला उलटी झाली, तरी तोंड धुऊन परत बसवलं. आबा म्हणाले म्हणे, “पोरीच्या एका शब्दापायी बाप जेलात जायाचा.” तुझी आई भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. आबांचं चुकत नाही, त्या आगीला तुझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही. ते ऐकल्यापासून माझं डोकं पेटलंय, आणि या खेपेला फोडायला माझ्याशिवाय कुणी समोर नाही.

म्हणून हे पत्र. ऊस मी पेटवला. बादशाहला खोटं पाडून मी मारलं. मॅडमचा हात मी मोडला. खाली पूर्ण नावाने सही करतोय. आबांनी पुन्हा घोकायला बसवलं की हा कागद त्यांच्यापुढं ठेव. ते फाडतील, फाडू दे, याच कबुलीच्या दोन प्रती मी आज सकाळीच पाठवल्या आहेत, एक सोपानला आणि एक बादशाहला. आता तुला खोटं बोलायला लावून कुणाचा काही फायदा नाही. सोमवारी इंदापूरच्या कोर्टात तुझा जबाब आहे. जे संगणकावर घातलंस तेच सांग, आणि माझ्याकडं बघू नकोस. मला तुझ्यापासून लांब, दोन पोलिसांच्या मधे बसवा असं मी वकिलांना सांगितलंय. त्यांना वाटलं, बापाला पोरीसमोर लाज वाटते. तसं नाही. तू खरं बोलशील तेव्हा माझा हात परत उठणार नाही, याची मला अजून खात्री नाही.

तुझाच,
पप्पा
रणजित हिंदुराव बोराटे