गॉर्डीच्या तळघरातली ओल

१४ सप्टेंबर, रविवार

डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा. का? तर कंपवाताच्या माणसाचं अक्षर हळूहळू बारीक होत जातं म्हणे, ते किती बारीक होतंय यावर लक्ष ठेवायला. म्हणजे स्वतःच्या पडझडीची नोंद स्वतःच ठेवायची! ठीक आहे. ठेवतो.

आज सकाळी गॉर्डी आला. ट्रकमध्ये मागे सगळ्या बंदुका, प्रत्येक आपापल्या चेन लावलेल्या खोळीत. म्हणाला, "लायल, तळघरात ओल आलीय माझ्या. गंज चढेल. तुझ्या बंदुकांच्या तिजोरीत थोडे दिवस ठेवतोस का?"

त्याच्या तळघरात ओल नाही. मला माहीत आहे, कारण दोन उन्हाळ्यांपूर्वी त्या भिंतींना डांबर आम्ही दोघांनी फासलं. पापड वाळत घालावेत इतकं कोरडं आहे. पण मी म्हणालो, "आण की. जागा आहे."

आमच्याकडे असंच असतं. कुणी दारात बंदुका घेऊन आला आणि काहीतरी लंगडं कारण सांगितलं – ओल, रंगकाम, नातवंडं – तर दुसरा प्रश्न विचारायचा नाही. तिजोरी उघडायची. गिरणीतल्या स्टॅनच्या वेळी कुणी काही विचारलं नाही आणि कुणी त्याच्या बंदुकाही घरी आणल्या नाहीत. शेवटी त्यानं स्वतःवरच गोळी झाडली. दफनाला सगळी गिरणी आली होती. तेव्हापासून आम्ही शहाणे झालो.

गॉर्डीची बायको अर्लीन फेब्रुवारीत गेली. पंचेचाळीस वर्षांचा संसार. तेव्हापासून गॉर्डीकडे बघवत नाही. आज त्यानं आपणहून बंदुका आणल्या याचा अर्थ मला समजतो. बरं वाटलं – निदान माझ्याकडे आला.

तिजोरीत मला हात लावू देईना. "तू आपटशील. तुझे हात म्हणजे वाऱ्यावर वाळत घातलेली कापडं! जा, कॉफी टाक. मी लावतो नीट." त्याला बराच वेळ लागला. कॉफी पांचट झाली होती, तरी दोन कप प्याला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काही नाही. शर्टाची बटणं लावायला न्याहारीपेक्षा जास्त वेळ लागला.

२० सप्टेंबर, शनिवार

गॉर्डीच्या गॅरेजमध्ये गेलो. त्याची जुनी दोन सिलिंडरची मोटारसायकल. लग्नानंतर हिच्यावर बसून तो आणि अर्लीन मोठ्या तळ्यापर्यंत गेले होते. ती आजारी पडली तेव्हापासून इंजिन उघडून टेबलावर पडलंय, वर जुनी चादर. आज चादर काढली.

पिस्टन मोजायला त्यानं माझाच मायक्रोमीटर काढला. ऑगस्टमध्ये मी त्याला देऊन टाकला. त्याच महिन्यात मी माझी मोटारसायकलही विकली. चाळीस वर्षं गिरणीत त्या मायक्रोमीटरनं केसाच्या जाडीची मापं घेतली. आता हातात धरला तर मापच नाचतं. मला काय करायचाय?

काम करता करता म्हणाला, "ही एकदा चालू झाली ना, की तळ्यापर्यंत जाऊन येईन. मग संपलं. मग माझं काही राहिलं नाही."

असं म्हणून शांतपणे रिंगा पुसत बसला! मी म्हटलं, "काही राहिलं नाही म्हणजे काय रे?" तर म्हणे, "म्हणजे राहिलं नाही. पाना दे."

बंदुका तर माझ्याकडे आहेत. पण माणसानं एकदा ठरवलं तर... गाडी चालू होता कामा नये. एवढंच मला दिसतंय.

४ ऑक्टोबर, शनिवार

इंजिन बसवून झालं. आज दोन्ही कार्बोरेटर साफ केले. पुढच्या शनिवारी स्टार्ट करू म्हणतो. इतक्या दिवसांनी खूष दिसला, आणि मी मात्र सुतकी चेहरा करून टॉर्च धरून उभा!

५ ऑक्टोबर, रविवार

पाप केलं.

कार्बोरेटरमध्ये एक पितळी जेट असतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, मधे सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पेट्रोल जातं. ते बुजलं की गाडी खोकते, फुरफुरते, धड चालत नाही. माझ्या जुन्या डब्यात तसाच एक जेट होता. सकाळभर बसून त्याच्या भोकावर कथलाचा थेंब टाकला. पहिला थेंब बोटावर, दुसरा टेबलावर. कितवा तरी एकदाचा जागेवर बसला. कोपर टेबलाला टेकवलं, श्वास रोखला – बंदुकीचा नेम धरताना करायचो तसं.

मग गॉर्डी चर्चमधून परत यायच्या आत त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बदलला. चांगला जेट माझ्या खिशात. त्याच्या गॅरेजला कुलूप नसतं. साठ वर्षांची मैत्री आणि मी चोरासारखा!

११ ऑक्टोबर, शनिवार

खोकली! एका सिलिंडरवर भकभक करून बंद. गॉर्डीनं कान लावून ऐकलं, डोकं खाजवलं. "कॉइल गेली असणार."

"असेल," मी म्हणालो. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

"कॉइल मागवतो. तू सोमवारी ये. टॉर्च कोण धरणार? आणि तुझी टॉर्च नाचते, तेवढीच माझी करमणूक."

१५ ऑक्टोबर, बुधवार

क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या गोळीनं फोडायच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस. पंचवीसपैकी चार फुटल्या. नॉर्बर्ट ओरडला, "लायल, लेका, ढगांनी तुझं काय घोडं मारलंय?" सगळे हसले. मीही हसलो. त्याचं काही चुकलं नाही, आम्ही जन्मभर एकमेकांना असंच बोलत आलोय. इतरांवर हसायचो तेव्हा माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

छर्‍याची बंदूक तिथल्याच कपाटात असायची; ती क्लबालाच देऊन टाकली. नव्या पोरांना शिकायला होईल. नॉर्बर्टचं तोंड उतरलं. "अरे मी गंमत केली!" म्हटलं, माहितेय. घे.

२ नोव्हेंबर, रविवार

हायडीचा फोन. अ‍ॅरिझोनात अजून ऊन आहे म्हणे. "बाबा, नाताळला येऊ का?" म्हटलं, कशाला, इथे बर्फ, विमानं अडकतात, पोरांचे हाल. "तुम्ही बरे आहात ना?" मस्त आहे. "नक्की?" अगं, नक्की!



११ नोव्हेंबर, मंगळवार

कॉइल बदलली, प्लग बदलले, वायरी बदलल्या. गाडी खोकतेच. मला आता गॉर्डीची काळजी वेगळ्याच कारणानं वाटते. हा माणूस फोनवर इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचा, उजवा व्हॉल्व्ह ढिला आहे म्हणून! आणि आता नाकासमोरचा जेट उघडून बघायचं त्याला सुचत नाही. अर्लीनबरोबर याचे कानही गेले. दुःखानं माणूस असा आतून पोखरला जातो.

पण हसायला लागलाय. आज दुपारी मटाराचं सूप केलं होतं त्यानं. माझ्या हातातून चमचा वाडग्यावर टणटण वाजत होता, तर म्हणतो, "जेवणाची घंटा आणखी किती वेळ वाजवणार? बस की आता जेवायला." आणि माझ्यासाठी सूप कपात ओतून दिलं. स्वतःचंही कपातच ओतून घेतलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. बाराव्या वर्षापासून गॉर्डीचा हा दिवस चुकला नाही. त्याच्या लग्नाची तारीखसुद्धा या दिवसाला टाळून काढली होती. तो आज रायफल मागणार, या धास्तीनं मी आठवडाभर खोटं घोकत होतो – तिजोरीचं कुलूप अडकलंय, किल्लीवाला पुढच्या आठवड्यात येतोय...

मागितलीच नाही! पहाटेपासून लांबवर रानात बार ऐकू येत होते आणि हा गॅरेजमध्ये सॉसेज भाजत होता. ज्याला शिकारीचीही इच्छा उरली नाही, त्याचा काय भरवसा धरायचा? मला नुसती भीती वाटली.

मधेच त्यानं विचारलं, "तुला जायचं होतं का रे?"

"या हातांनी? हरणं पोट धरून हसतील."

मी हसलो. तो हसला नाही. सॉसेज उलटत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी! कोण असणार आहे पुढच्या वर्षी?

३ डिसेंबर, बुधवार

डॉक्टरबाईंनी गाडी चालवणं बंद केलं. मोटारसायकल तर आधीच गेली होती, आता ट्रकही. त्या फार हळुवारपणे बोलल्या. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, जणू काही विशेष नाही. हे अक्षर मलाच आता भिंग लावून वाचावं लागतंय.

५ डिसेंबर, शुक्रवार

शुक्रवारची मासळी खायला नेहमीच्या ठिकाणी गेलो, गॉर्डीनं नेलं. ताट घेऊन टेबलाकडे येत होतो. सगळं पडलं. तळलेले मासे, कोबी, सॉस – भर गर्दीत. मीही पडलो.

सगळे धावले. कुणी खुर्ची दिली, कुणी पँट पुसली. मालकीणबाईंनी दुसरं ताट आणलं, आणि मासे आधीच लहान लहान तुकडे करून. नॉर्बर्टनं एकही टोमणा मारला नाही. एकही नाही! सगळे फार चांगले वागले. तेच सहन झालं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

नॉर्बर्टला फोन करून सांगितलं, अधूनमधून गॉर्डीकडे जात जा, एकट्याला जेवण जात नाही. तो म्हणाला, "तू आहेस की." मी म्हटलं, तरीही जात जा.

दुपारी गॅरेजमध्ये गेलो. गॉर्डी आत फोनवर होता. चांगला जेट तो स्क्रू ठेवतो त्या झाकणात ठेवून आलो. सापडेल त्याला. आता तो हसतोखेळतो, आता गाडी चालू झाली तरी चालेल. घरी येऊन माझं स्वयंपाकघर पुसून काढलं.

७ डिसेंबर, रविवार

आज तिजोरी उघडली. गॉर्डीच्या बंदुकांसाठी नाही.

लिहितोय, कारण लिहायला हवं. माझी रायफल काढली. मागचा सरकता बोल्टच नाही. तो नसला तर रायफल म्हणजे काठी. वडिलांचं रिव्हॉल्व्हर काढलं – गोळ्यांची चक्री नाही. नुसता सांगाडा. मला वाटलं, डोकंही गेलं माझं, कुठे काढून ठेवले ते आठवत नाही.

मग गॉर्डीच्या खोळी उघडल्या. दुसऱ्याची बंदूक न विचारता हाताळायची नाही म्हणून इतके दिवस हात लावला नव्हता. एकीतही बोल्ट नाही.

जमिनीवर बसून राहिलो. पांचट कॉफी आठवली. त्याला किती वेळ लागला होता ते आठवलं.

फोन लावला. "गॉर्डी, माझे बोल्ट कुठे आहेत?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "माझ्या तळघरात. कोरडे आहेत. लायल, जिथे आहेस तिथेच बस. फोन ठेवू नकोस. मी बोलत बोलत येतोय." आणि खरंच बोलत राहिला – बर्फाबद्दल, नॉर्बर्टच्या कुत्र्याबद्दल, कसल्याही गोष्टींबद्दल. दार उघडलं तेव्हा पायात घरातल्या चपला होत्या, घोट्यापर्यंत बर्फ.

मी रडलो. बरंच. तो बाजूला जमिनीवर बसला. त्याचे गुडघे वाजले.

८ डिसेंबर, सोमवार

गॉर्डी इथेच सोफ्यावर झोपला. घोरतो. सकाळी त्यानंच हायडीला फोन लावला आणि फोन माझ्या कानाशी धरून उभा राहिला. ती नाताळपर्यंत थांबत नाही, गुरुवारी येतेय. डॉक्टरबाईंकडे दुपारी जायचंय, तोच नेणार.

विचारलं, "कधी कळलं?"

"ऑगस्टमध्ये. मायक्रोमीटर दिलास तेव्हाच. तुझ्या तिजोरीत शिरायला काहीतरी निमित्त हवं होतं."

"आणि ते... मग माझं काही राहिलं नाही, म्हणालास ते?"

"गाडीबद्दल म्हणालो होतो, गाढवा! दुसरी कुठे आहे माझ्याकडे दुरुस्तीला?"

मग खिशातून काढून कथलानं बुजवलेला जेट टेबलावर ठेवला. पहिल्याच शनिवारी सापडला होता त्याला. गाडी चालू झाली असती तर मी दुसऱ्या दिवशी कशाला आलो असतो, म्हणून पुन्हा बसवून ठेवला होता. चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांजवळ धरून बघत राहिला.

"एक सांग," म्हणाला, "हात गेले म्हणतोस, मग एवढ्याशा भोकावर इतका गोल थेंब कुणी टाकला?"