कावळ्याची राखण

२ डिसेंबर
सकाळी पोलादपूरहून जीपने कापड्याला आणि तिथून चालत या वरच्या वाडीवर पोहोचलो. मुंबईच्या संस्थेचे दोन डॉक्टर, एक नर्स आणि औषधं द्यायला मी. बायकांनी ओवाळलं. भात झोडून झालंय, खळ्यांवर पेंढ्यांचा वास आहे. वाडीतल्या बनुबाईंकडे तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी पोटभर जेवलो.

शिबिर शाळेच्या जुन्या खोलीत आहे. गेल्या पावसाळ्यात माझी डॉक्टर लेक निशिगंधा इथेच गेली. बाकीचे डॉक्टर परतले, रुग्ण उरलेत म्हणून ती थांबली. मग दरडीने रस्ता बंद, आणि ताप. पनवेलला दहाव्याला कावळा शिवला नाही. नाही नाही ते कबूल करून पाहिलं, शेवटी दर्भाचा कावळा केला. तिचं शिबिर अर्धं राहिलं, दुसरं काय असणार? ते पुरं करायला आलोय.

३ डिसेंबर
दिवसभर गर्दी. मुरारी म्हणून एक शेतकरी आले, पायाला कोयता लागलेला. पट्टी आधीच बांधलेली होती, ताजी. गाठ जखमेपासून दूर, टोकं आत खोचलेली. निशी लहान असताना तिच्या बाहुलीवर मीच तशी बांधायला शिकवली होती. कोणी बांधली विचारलं, तर म्हणाले, बाईंनी. आमची नर्स अजून पेटीच उघडत होती.

आणखी तिघांच्या पट्ट्या तशाच.

४ डिसेंबर
डॉक्टर दुपारी गेले. पुढच्या वर्षी येतो म्हणाले. बनुबाई त्यांच्या तोंडावर हसत म्हणाल्या, "मुंबैचे डाक्टर म्हंजे पावणे. हात सुकायच्या आत चपला शोधतात."

उरलेल्या गोळ्या वाटायला मी मागे राहिलो. डॉक्टर पायवाटेच्या वळणाआड गेले आणि बंद खोलीपुढे पुन्हा रांग लागली. एकेक जण आत जाऊन बाहेर येत होता. कुणी मला हाक मारली नाही. मी खिडकीतून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. एक म्हातारी तिच्यासमोर तोंड उघडून, जीभ बाहेर काढून बसली होती.

५ डिसेंबर
आत गेलो. स्टुलावर बसलो. मनगटावर गार बोटं आली आणि नाडी मोजू लागली. तिचीच पद्धत, आधी अंगठ्याने हात थोपटायचा.

बाहेर बनुबाई बसल्या होत्या. त्यांनी काही लपवलं नाही. तिच्या दहाव्याला वाडीनेही बांधावर पिंड ठेवला होता. सगळी वाडी गोफणी घेऊन उभी राहिली, एक कावळा टेकू दिला नाही. अजूनही रोज भात ठेवतात आणि राखण करतात. भात ठेवला की ती येते, पण कावळा शिवला की सुटेल, म्हणून.

"ती एकलीच थांबली हो दादा. तिला कशी जाऊ देऊ? माजी नात तिच्या हातान वाचली."

मला शिव्या द्यायच्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, ते प्यालो.

६ डिसेंबर
रांग संपल्यावर गेलो. तिची बोटं नाडी मोजता मोजता मध्येच थांबत होती. खोलीत ओल्या गोधडीचा वास. मग आवाज, अगदी कानाजवळ —

"बाबा, झोपू दे ना मला. खूप दमले."

उद्या पिंड मी ठेवणार. वाडीला सांगितलं. कुणी अडवलं नाही. बनुबाई म्हणाल्या, बाप हाय तुमी, करा.

७ डिसेंबर, सकाळ
बांधावर बसून लिहितोय. पिंड ठेवला. मागे सगळे — हात रिकामे. गोफण एकही नाही.

कावळा आला. सादड्याच्या फांदीवर. खाली उतरला. दोन उड्या —

शिवला की ती सुटेल. मग ते मनगट थोपटणं — ते पुन्हा कधीच —

दगड गेला. कावळा उडाला. मागे वळून पाहिलं, सगळे खाली मान घालून. माझ्या हाताला माती आहे.

खोलीतून ती रडतेय. मी ऐकतोय. सगळे ऐकताहेत.

परत आलाय. पिंडाजवळ. येऊ दे. निशी, या खेपेला येऊ —

बनुबाई शेजारी येऊन बसल्या. डाव्या हातात दगड ठेवला. नको म्हटलं. बोटं आपली आपण मिटली. सोडायचंय, पण हात वर —