दारापुढची खडी

ब्रिस्टल, ८ सप्टेंबर २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून पत्र. घाबरू नका, इथे कायमचं राहायला येण्याबद्दल नाही. तुमच्या लेकाने दोनदा विचारलं, तुम्ही दोनदा नाही म्हणालात. सुनेची काय टाप? मी फक्त फरशीचं विचारतेय.

दारापुढचं काँक्रीट उखडलंय. खडी घालू, विटा की दगड? दुकानात ‘इंडियन सँडस्टोन’ सगळ्यात जास्त खपतो म्हणे. आपल्याकडचा दगड आपल्याआधीच इथे स्थायिक झालाय! नमुन्याचे तुकडे दारात मांडलेत. पाऊस पडला की एकेकावर उभी राहून बघते, कोणता निसरडा होतो ते. अपूर्व म्हणतो, शेजारी हसताहेत.

गुडघा कसा आहे? तुमची माया आहेच, उत्तर लांबलचक असू द्या.

तुमची,
देविका


इल्फर्ड, लंडन, १३ सप्टेंबर

चि. सौ. देविकास,
अ. उ. आ.

दगड निवडायला सासू लागते, हे पहिल्यांदाच ऐकलं. खडी घाल. पाणी मुरतं, कौन्सिल खूश, आणि चोर आला तर करकर वाजून कळतं. मी काय, दिवाळीची चार दिवसांची पाहुणी.

गुडघा ठणठणीत आहे. इथे शेजारची सुप्रभा रोज दार वाजवते. तुमच्याकडे दोघंही कामावर, माझं दार कोण वाजवणार? अपूर्वला सांग, आई हट्टी आहे, पण मजेत आहे.

सियाला गोड पापा. आठवण काढा, काळजी नको.

आई


ब्रिस्टल, १७ सप्टेंबर

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

खडी सांगणारच होते. तेवढ्यात सियाने विचारलं, की मग त्यात आजीची गाडा अडकेल ना. तिचं व्याकरण दुरुस्त करता करता मला अर्थ कळला. मग ती रडायलाच लागली, कारण सुट्टीत तुम्ही तिला शपथ घातली होती. रागावू नका तिच्यावर.

चाकांचा वॉकर कोटांच्या कपाटात, आणि आम्ही आलो की तुम्ही भिंत धरून चालणार! पॅसेजमधले हाताचे डाग मी पाहिले होते. भिंत रंगवायला झाली, एवढंच वाटलं होतं.

तिसऱ्यांदा विचारत नाही. कामगार सोमवारी येतोय. तुम्ही पुन्हा खडी म्हणालात तर खडीच घालीन, आणि हा विषय कधी काढणार नाही. सुप्रभाताई इथे नाहीत, खरंच. पण सिया यंदापासून स्वतःच्या किल्लीने दार उघडून रिकाम्या घरात शिरते. तिलाही दार वाजवायला आवडलं असतं.

तुमच्या लोभातली,
देविका


इल्फर्ड, २० सप्टेंबर

चि. सौ. देविकास,
अ. उ. आ.

खडी नको.

दगडच घाल, जरा खरखरीत, पण सांधे सपाट. दारापाशी पायरी ठेवू नकोस, उतार कर. आणि त्या फिक्या दगडांत उंबऱ्याजवळ एक काळा बसव, रांगोळी उठून दिसेल. मला आता खाली बसवत नाही, सियाला काढू दे. गाड्याला बसायची जागा आहे. तिथे बसून तिचे ठिपके आणि व्याकरण, दोन्ही सुधारीन.

सुप्रभाला सांगितलं. दिवसभर रुसली, मग ब्रिस्टलच्या बसच्या वेळा विचारायला लागली.

लोभ होताच, आता रोज भांडायलाही मिळेल.

आई

ता. क. सियाला सांग, शपथ सुटली. आणि आजीची गाडा नव्हे, आजीचा गाडा. तो येतोय.