दातांच्या दवाखान्यातले ओलीस आणि मागचं दार

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच आडवी झाले असं समज). तब्येत कशी आहे ते विचारत नाही, तुझी सून मला रोज फोनवर सगळं सांगते, अगदी तू कितीदा शिंकलीस तेसुद्धा. बाळ्याला अनेक आशीर्वाद. बाळ्या, तुझ्या आईला माझं अक्षर चष्मा लावूनही लागत नाही, म्हणून हे पत्र नेहमीप्रमाणे तूच मोठ्यानं वाचतो आहेस, रविवारचं जेवण झाल्यावर, खिडकीपाशी, आतल्या दाराकडे पाठ करून. तसाच बस, उजेड चांगला येतो तिथे. आणि नियम तोच. एकही ओळ गाळायची नाही आणि पुढचं पान आधी उलटायचं नाही. मागच्या खेपेला माझ्या पित्ताचा सगळा मजकूर तू गाळलास, ते मला कळलं बरं का.

तर ताई, मी सिनेमा पाहिला! नातीनं नेलं. तोच तो, ज्याची जाहिरात तुला खिडकीतून अर्धीच दिसते आणि उरलेली अर्धी झाडामागे जाते. बाथरूममध्ये तुझा पाय घसरला त्याला पाच महिने झाले, आणि डॉक्टरांनी आता हिंडाफिरा म्हटलं त्यालाही दोन. पण तुझा मुलगा कारखान्यात सुरक्षा अधिकारी पडला ना! त्याच्या दृष्टीनं जिना म्हणजे दरी. घरभर पाट्या लावल्यात म्हणे. ‘पाय पुसूनच आत’, ‘वाकू नये’, आणि जिन्याच्या तोंडाशी ‘उतरताना कठडा धरा’, जिथे तुला तो उभंसुद्धा राहू देत नाही. मी तीनदा फोन करून म्हटलं, अरे, तिला एक सिनेमा दाखवून आणते. तीनदा नाही म्हणाला. दर वेळी मात्र ‘मावशी, तू जेवलीस का?’ हे विचारलं, त्यामुळे धड भांडताही येईना. आज त्या सिनेमाचा शेवटचा दिवस, तीनचा शेवटचा खेळ. म्हणून म्हटलं, निदान पत्रातून तरी ताईला दाखवू. आपण दोघी तिसरीत शाळेतून निघालो आणि पुढची अक्षरं भिंतीवरच्या सिनेमाच्या जाहिरातींवर शिकलो, तेव्हा एवढा हक्क तुझा आहेच.

गोष्ट अशी. एका दातांच्या दवाखान्यात चार बंदूकवाले शिरतात आणि अकरा माणसांना ओलीस धरतात. म्होरक्याचा भाऊ तुरुंगात असतो, त्याला सोडा म्हणून. त्या अकरांतल्या एका गृहस्थाची दाढ अर्धी काढून झालेली. तोंडात कापूस, गाल बधिर. तो सिनेमाभर काहीतरी फार महत्त्वाचं सांगत राहतो आणि कुणाला एक अक्षर कळत नाही. (मला भावोजींची आठवण झाली. ते तर दाढ न काढता तसं बोलायचे. बाळ्या, वडील असले तरी गाळू नकोस.)

आता सिनेमा जमलाय की नाही ते सांगते. तुला ठाऊक आहे, एकतीस वर्षं मी शिवणकारखान्यात तयार शर्ट तपासले. शर्ट सुलट बाजूनं सगळेच छान दिसतात. उलटा करायचा, शिवण दोन बोटांत धरायची आणि ताणायची. तसाच हा सिनेमा मी ताणून पाहिला. नायक कच्चा आहे. तीन मजले पाइपवरून चढतो आणि इस्त्री मोडत नाही! काच फोडून आत पडतो तेव्हा शर्टाचं तिसरं बटण तुटतं, मी डोळ्यांनी पाहिलं, आणि उठून उभा राहतो तर बटण जागच्या जागी. मी जोरात “बटण!” म्हणून ओरडले. पुढचा माणूस बिचारा खुर्चीखाली शोधायला लागला. शिवाय मधेच एक गाणं आहे, सगळ्या ओलिसांना एकदम घरची आठवण येते आणि सगळ्यांच्या आठवणीत तीच बाग. तिथे टाका सुटला.

ताई, अडीचच्या गोळीची वेळ झाली. ऊठ, आत जा. सूनबाई, तूही जा, पाणी दे तिला. बाळ्या, तू थांबू नकोस, आईला आतून ऐकू येतं. जरा मोठ्यानं वाच. आणखी मोठ्यानं. शाबास.

बाकी सिनेमा मात्र पक्का शिवलाय. का, तर ती पोलीस बाई. तिला सर्दी झालेली असते, नाक पुसत पुसत ती म्होरक्याशी फोनवर बोलते. धमकी नाही की दरडावणी नाही. त्याच्या आईचा गुडघा कसा आहे विचारते, लहानपणी काय खोड्या केल्या विचारते, कुठल्या कुठे जाते. मला आधी वाटलं, अगं बाई, काय ही चऱ्हाट लावते आहे, आत माणसं अडकलीत! मग उजेड पडला. तिला त्याच्याकडून काही ऐकायचंच नव्हतं. तिला तो फक्त फोनपाशी बसलेला हवा होता, मागच्या दाराकडे पाठ करून. कारण तिकडे आतून कडी काढत होती दवाखाना झाडणारी बाई, जिच्याकडे पहिल्यापासून कुणी बघितलंच नव्हतं. बाळ्या, त्या वेळी थिएटरात कुणी श्वास घेत नव्हतं. मीही नाही, आणि मला दमा आहे.

आणि तो म्होरक्या वाईट नाही रे. तिथेच तर सिनेमा जिंकला. माणसांना खिडकीपासून लांब बसवतो, पाणी देतो, एका म्हातारीच्या पाठीला उशीसुद्धा देतो. कुणी बोललं की म्हणतो, माझ्याजवळ सगळे सुखरूप आहेत. म्हातारीला अख्ख्या सिनेमात एकच वाक्य आहे. ती उशी नीट करते आणि म्हणते, “सुखरूप आहे रे बाबा, पण मला बाहेर जायचंय.” मी पदर तोंडात धरून रडले. नात म्हणाली, आजी, हा मारामारीचा सिनेमा आहे. मी म्हटलं, तू तुझं मक्याच्या लाह्यांचं बघ.

शेवट सांगत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांचा रस जातो. कळावे, लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी धाकटी

ता. क. बाळ्या, आता मागे वळून बघायला हरकत नाही. आई गोळी घेऊन अजून आली नाही ना? ती स्वयंपाकघराच्या दारानं मागच्या जिन्यावर गेली. कडी तुझ्या बायकोनं काढली. मी खालीच उभी आहे, म्हणजे होते. हे पत्र मी घड्याळ लावून नातीकडून दोनदा वाचून घेतलं आणि छत्तीस पायऱ्यांना पुरत नव्हतं, म्हणून पोलीस बाईची गोष्ट वाढवली. (पण सर्दी तिला खरंच झाली होती.)

ता. क. दुसरा. घाबरू नकोस. गेले तीन आठवडे तू कामावर गेलास की तुझी आई सुनेचा हात धरून रोज तो जिना उतरते-चढते. काल दोनदा. ती तुला सांगणार होती, पण म्हणाली, पोराचा चेहरा पडतो गं. पाच महिने तू तिला जपलंस, ते तिलाही ठाऊक आहे, मलाही. पण मी ठरवलंय, आज ती सिनेमा अर्ध्या जाहिरातीवर भागवणार नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हे. तिचा लांबचं बघायचा चष्मा खिडकीत, तुझ्या कोपराजवळ आहे. विसरला नाही, मीच ठेवायला सांगितला. त्याच्याशिवाय तिला पडद्यावर नुसते रंग दिसतील, तेव्हा तो घेऊन तीनच्या आत ये. तुझी खुर्ची धरून ठेवलीय, तिच्या दुखऱ्या पायाच्या बाजूची. घाईनं धावू नकोस, आणि उतरताना कठडा धर. तुझीच पाटी आहे.