कॅमेऱ्यामागचा आवाज

१२ एप्रिल २००५, भोर
धाकटा भाऊ अल्ताफ हायवेवरच्या अपघातात गेला, त्याला आज सोळा दिवस. दुकान उघडलं. वरवे गावातल्या लग्नाची सीडी द्यायची राहिली आहे. नवरीचे वडील आले, नुसते बसले, उठून गेले.

१३ एप्रिल
अम्मी म्हणाली, "त्याचा आवाज असंल ना रे कशात?" आठ वर्षं शूटिंग धाकट्याने केलं, एडिटिंग मी. कॅमेरा धरणारा चित्रात नसतो. आवाज यायचा, तो मीच काढून वर सनई लावायचो. गिऱ्हाइकांच्या एकाही सीडीत तो नाही. टेपा पुसून पुन्हा वापरल्या. कॉम्प्युटरवर उतरवलेलं तेवढं उरलं. तीन लग्नं, एक साखरपुडा.

१५ एप्रिल
हेडफोन लावून बसलो. सुरुवातीला खूण, शेवटाला खूण, तुकडा वेगळा, त्याला नाव. एरवी हळद, अक्षता, पाठवणी अशी नावं देतो. आज:
"आजी, हसा की. दात कोण मोजतंय?"
"मामा, फेटा आडवा येतोय. तुमी न्हाई."
"आमचा भाई हे कापणारच, म्हणून बोलून घेतो."
कापलं होतं.

१९ एप्रिल
वरव्याची सीडी दिली. अल्ताफच्या आवाजाचे तुकडे एकतीस. सगळ्यात मोठा अकरा सेकंदांचा. चाळिसाव्या दिवशी घरच्यांना ऐकवायचे. अम्मीने मावशीलाही कळवलं.

२२ एप्रिल
आंबवड्याचं लग्न दुसऱ्याने शूट केलं. उतरवायला डिस्कवर जागा नव्हती. तुकडे आहेतच, म्हणून मूळ लांब फाइली पुसल्या. लग्न उतरवलं. मग एक तुकडा लावला. पडदा नुसता लाल, वर अक्षरं: फाइल सापडत नाही. बाकीचे तीसही तसेच. तुकडा ही वेगळी फाइल नसतेच. मोठ्या फाइलीत कुठून कुठपर्यंत, एवढी नोंद फक्त. कॉम्प्युटरवर चार वर्षं हेच काम करतो आणि मला...

२३ एप्रिल
पुण्यात डिस्क दाखवली. "त्यावर नवीन उतरवलंत ना? मग विसरा."
अम्मीला म्हटलं, काम चालू आहे.

२८ एप्रिल
वहीत सापडलं: वेल्ह्याच्या वरच्या वाडीतल्या धनगरांनी दोन वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नाची न कापलेली टेपच मागून घेतली होती. गेलो. टेप आहे, डब्यात, फडक्यात गुंडाळलेली. लावायला काही नाही, म्हणून अजून एकदाही पाहिलेली नाही.
मुलीची आई म्हणाली, "आमचं मालक हाईत त्यात. औंदा गेलं. टेप न्हाई द्यायची. तुमच्याकडनं पुसली मंजी?"
मी फडकं पुन्हा गुंडाळून टेप तिच्या हातात दिली.
"लावायचं काय ते हितं घेऊन या. आमी बी बघू."

३० एप्रिल
टेप लावून बघायला कॅमेरा उसना मिळाला. उद्या जायचं. अम्मी म्हणते, मी पण येते. चढ आहे म्हटलं, तरी येते. तुकडे गेले हे तिला अजून सांगितलेलं नाही.
दोन पावसाळे ती टेप त्या डब्यात आहे. बुरशी धरली असेल तर पहिल्यांदा फिरतानाच तुटते. हे लावायच्या आधी अम्मीला आणि मुलीच्या आईला, दोघींना सांगायला हवं. सांगितलं तर कदाचित त्या लावूच देणार नाहीत.