गणकयंत्राचा पहिला दिवा

बेलापूर, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९७२

शी! टेलिफोनच्या भंगारातल्या रिलेंचं, म्हणजे विजेनं आपोआप उघडझाप करणाऱ्या खटक्यांचं, माझं गणकयंत्र संध्याकाळभर ढिम्म. उद्या शाळेत सगळ्यांसमोर मांडायचंय आणि पहिला दिवाच लागेना. बॅटरी बदलली, वायरींचे सांधे पुन्हा सोल्डर केले. दिवा नाहीच.

शेवटी पहिल्या रिलेचं झाकण काढलं. आत, जिथं पट्ट्या एकमेकींना टेकतात तिथंच, कुंकू! परवा खंडेनवमीला आईनं यंत्राची पूजा केली होती, त्यातलंच. तसाच आईवर ओरडलो, "मी विज्ञान शिकवतो आणि माझ्याच घरात हे!"

ती म्हणाली, "म्या तर यंत्राच्या वरच्या फळीला लावलं हुतं. आत कशाला हात घालू?"

मग आत कोणी घातला? आठवलं. ती उठून गेल्यावर, कुणी बघत नाही ना हे पाहून, मीच झाकण काढून आत कुंकवाचं बोट टेकवलं होतं. नमस्कारसुद्धा केला होता.

कुंकू पुसलं, दिवा लागला. आईला मात्र ते कुंकू माझंच होतं हे अजून सांगितलेलं नाही.